दाजी गेल्याचा निरोप

आमच्या दाजींनी ज्याला एकदाही दचकवलेलं नाही असा माणूस लातुरात सापडला, तर तो नक्की कालच गावात उतरलेला असणार. हे मी मेहुणी म्हणून चढवून सांगत नाही. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची तारीफ करायची आमच्याकडे पद्धतच नाही. उलट त्याला टोमणे मारायचा हक्क लग्नाच्या मांडवातच मिळतो आणि मी तो पुरेपूर वापरलाय. पण खरं ते खरं. गंजगोलाईच्या बाजारातले कापडवाले, कोर्टातले वकील, शिकवण्या घेणारे मोठमोठे सर, सगळ्यांनी कधी ना कधी दाजींसमोर दोन्ही हात वर करून किंकाळी मारलेली आहे. आणि दाजींना ती किंकाळी पाठ असते. रस्त्यात कोणी भेटलं की नावाआधी त्यांना आवाज आठवतो. "हे वकीलसाहेब. दिसायला धिप्पाड हायत, पण वरडतात लई बारीक," अशी ते भर बाजारात ओळख करून देतात, आणि वकीलसाहेब बिचारे नमस्कार करून सटकतात. दाजींच्या घरी चहा प्यायचा म्हणजे जिवाला घोर. फोन पुढं करून "हे बघा की जरा" म्हणाले की आमच्या सगळ्या खानदानाची मान आपोआप मागं जाते.

हे खूळ त्यांना लागलं ते लातुरात नेट नवं नवं आलं तेव्हा. लग्नाच्या जोशात दाजींनी बसस्टँडमागं नेट कॅफे टाकला होता. प्लायवूडचे खण, प्रत्येक खणाला माझ्या बहिणीच्या, आक्काच्या साड्यांचे पडदे, आणि फोनच्या तारेवरून किरकिरत, खाकरत लागणारं नेट. गिऱ्हाईक यायचं निकाल बघायला, नोकरीचा अर्ज भरायला, नाहीतर पडदा ओढून जे काय बघायचं ते बघायला. त्याला दाजी म्हणायचे, "साहेब, नजर कशी हाय ते तपासून बघा की," आणि एक खेळ लावून द्यायचे. बारीक वाटेतून एक ठिपका पुढं न्यायचा, भिंतीला लागू द्यायचा नाही. वाट इतकी निमुळती होत जाई की माणूस श्वास रोखून, काचेला नाक लावून बसे. आणि मग एकदम अख्ख्या स्क्रीनवर सडक्या तोंडाची, पांढऱ्या डोळ्यांची बाई, आणि कानात अशी किंकाळी की माणूस खुर्चीसकट मागच्या खणात. हा खेळ कुठल्यातरी परदेशी रिकामटेकड्यानं बनवलाय आणि जगभर लोकांची गाळण उडवतोय, हे मला फार उशिरा कळलं. मी आपली समजत होते की ती बाई दाजींच्याच ओळखीची आहे.

तेव्हाचं सगळं भांडार त्यांनी एका जुन्या डबडा कॉम्प्युटरात जपून ठेवलंय. हिरव्या डोंगरातून गुमान चाललेली मोटार, जिच्याकडं बघता बघता डोळे जड व्हावेत आणि मग छातीत धस्स व्हावं. एक खिडकी बंद केली की दहा उघडणारं, स्क्रीनभर उड्या मारणारं आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं काहीतरी लाजिरवाणं ओरडणारं पान. 'तुमचा सगळा कॉम्प्युटर पुसला जात आहे' अशी खोटी पाटी. एकदा एक हवालदार कॅफेची चौकशी करायला आले. कोण येतं, कोण बसतं, दम देऊन झाला. दाजींनी त्यांनाही नजर तपासायला बसवलं. हवालदारांची टोपी एकीकडं, दंडुका दुसरीकडं. आक्का म्हणते, मला वाटलं आता ह्यांना बेड्याच पडतात. हवालदार उठले, टोपी झटकली, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्या साहेबांना घेऊन येतो. काही सांगू नका." दुसऱ्या दिवशी साहेब खरंच आले. साहेब खेळत असताना हवालदार मागं उभे राहून तोंडात रुमाल कोंबून हसत होते म्हणे.

पण दाजी नुसते वात्रट आहेत असं समजू नका. त्यांना या गोष्टीचा मोठा अभ्यास. त्यांच्या मते जगात दोन घराणी होती, एक दचकवणाऱ्यांचं आणि एक घाणीचं. लिंक दाबली की असलं काही ओंगळ चित्र समोर यायचं की पोटातलं बाहेर पडावं, ते दुसरं घराणं. ते दाजींनी अभ्यासापुरतं बघितलं आणि बरेच दिवस त्यांना पिठलं खाववेना. "वकारी काढायला काय अक्कल लागती? माणूस दचकला पायजे अन् लगेच हसला पायजे. हसला न्हाई म्हणजे आपलं चुकलं," हे त्यांचं तत्त्व. त्यामुळं म्हातारी माणसं, पोटुशी बाई, काळजाचा रोगी यांच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. बसवायच्या आधी ते अगदी डॉक्टरसारखं विचारत, "बीपी-बिपी काई? रातची झोप येती?" आणि मरणाची मस्करी तर त्यांना अजिबात चालत नाही. आताच्या ठकसेनांवर त्यांचा भयंकर राग. "हे काय करून राहिले लोकं! लिंक दाबली की माणूस लुबाडला जातो. ह्याला गंमत म्हणावं का?" असं ते इतकं तळमळून म्हणतात की जणू त्यांच्या घरचा धंदा कोणी बुडवला.

माझं म्हणाल तर मी बारावीचा निकाल बघायला नांदेडहून मुद्दाम त्यांच्याकडं गेले होते, दाजींचा कॅफे आहे या भरवशावर. "अक्षर बारीक हाय मेहुणीबाई, जवळ जाऊन बघा," म्हणाले. मी गेले जवळ. पुढचं सांगत नाही. निकाल बघायच्या आधी मला गुळपाणी द्यावं लागलं. पास झाले होते, पण तो आनंद मला धड झालाच नाही मेला! तेव्हापासून मी त्यांच्याशी भांडत आलेय, आणि खरं सांगायचं तर ते भांडण नसलं की मला लातूरला गेल्यासारखं वाटत नाही.

तर असा हा माणूस. मागच्या उन्हाळ्यात जिना चढताना मधेच बसला. तपासण्या झाल्या. काळजाला रक्त नेणाऱ्या तिन्ही वाटा तुंबलेल्या. लगेच ऑपरेशन करायला हवं, दवाखान्यातले म्हणाले. करणारे मोठे डॉक्टर हैदराबादहून यायचे. ठरलेली सकाळ चुकली तर ते पुढच्याच आठवड्यात, आणि तोवर दाजींचं काळीज धीर धरील याची हमी कोणी द्यायला तयार नव्हतं. आक्काचा फोन आला. मी शाळेत रजा सांगितली आणि पहिल्या गाडीनं निघायचं ठरवलं.

आणि इकडं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कावळा शिवला!

झालं असं, की दवाखान्यात भरती व्हायच्या आधी दाजी गच्चीवर गेले. अव्वांनी, म्हणजे त्यांच्या आईनं, तिथं कुरडया वाळत घातल्या होत्या. कुरडयांवर टपलेला एक कावळा थेट दाजींच्या डोक्यावर येऊन बसला, केस विस्कटले आणि उडून गेला. अव्वांनी ते डोळ्यांनी बघितलं. बस्स. आमच्या भागात डोक्याला कावळा शिवणं म्हणजे मरणाची वर्दी, आणि त्याला उतारा एकच. त्या माणसाच्या मरणाचा खोटा निरोप सोयऱ्यांना धाडायचा. कोणीतरी तो खरा मानून रडलं पाहिजे. रडलं की मरण भागलं, मग खरं सांगून टाकायचं. पूर्वी लोक तारा करायचे. अव्वांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून सांगून टाकलं, "खरं मानून कुणी रडल्याबिगर माझा लेक त्या टेबलावर चढायचा न्हाई. चढला तर माझ्या अंगावरून जाईल."

दाजींनी आधी टाळीच वाजवली म्हणे. "अव्वा, म्हणजे ह्या धंद्यात तुम्ही आमच्या लई आधीच्या की!" पण निरोप पाठवायचा म्हटल्यावर साफ नाही म्हणाले. ज्यानं अर्धं लातूर घाबरवलं तो हा एक निरोप पाठवायला तयार होईना. "माणूस रडला तर त्याला लगेच हसवता येत न्हाई. माझ्या नावानं मी कुणाला रडवणार न्हाई." आई हटेना, लेक हटेना. शेवटी आक्कानं ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला फोन केला. मी तेव्हा नांदेडच्या बसस्टँडवर होते. "तू पाठव गं. तू मास्तरीण हाईस, तुझं लोकं खरं मानतील. ह्यांना कळू देऊ नको. कुणीतरी रडलं पायजे, मला दुसरं काई कळून न्हाई राहिलं."

लोह्याच्या पुढं गाडी जाईपर्यंत माझं बोट चालेना. कितीतरी वेळा लिहिलं आणि पुसलं. जिवंत माणसाच्या नावामागं 'कै.' लिहायला हात धजेना, ते गाळलं. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमचे दाजी आज पहाटे आपल्याला सोडून गेले,' एवढं लिहिलं, खाली त्यांचा लग्नातला फोटो लावला आणि डोळे मिटून, दाजी ज्यात नाहीत त्या घरच्या ग्रुपवर पाठवून दिलं.  आता कोणीतरी हंबरडा फोडणार, मला फोन येणार, मी ऐकून घेणार आणि मग खरं सांगून टाकणार.

पहिलं उत्तर आलं ते हसून लोळणारं तोंड. मग आणखी पाच-सात तोंडं, सगळी हसून डोळ्यांतून पाणी काढणारी. आक्काच्या चुलत जावेनं लिहिलं, "फोटो मोठा करून बघितला, भूत कुठाय?" एकानं विचारलं, "आवाज चालू ठेवावा लागतो का?" दाजींचे मुरुडचे मामा तर वयानं मोठे, मान्यवर गृहस्थ. त्यांचा फोन आला. मी रडवेल्या सुरात "मामा…" म्हणते तोवर तेच माझ्या कानात "भ्वाँऽऽ" करून ओरडले. "आज आम्ही तुम्हाला गाठलं! सांगा तुमच्या दाजीला!" म्हणाले आणि खदाखदा हसत ठेवून दिला. मी पुन्हा लिहिलं, 'मस्करी नाही, खरंच.' त्यावर एकानं लिहिलं, "आता नक्की येणार. सगळ्यांनी फोन लांब धरा."

अहमदपूर आलं. आक्काचे फोनवर फोन. "रडलं का कुणी?" नाही. "अगं, न्यायला आले बघ. अव्वांनी खाटेची दांडी धरलीय, सिस्टर वरडायली." मी फोन ठेवला आणि ग्रुपवर आणखी एक हसणारं तोंड येऊन पडलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की आज दुपारी खरंच काही बरंवाईट झालं, तर मला हाच निरोप पुन्हा लिहावा लागेल. हेच शब्द. आणि हीच उत्तरं येतील. आमचे दाजी खरंच जातील आणि सगळे सोयरेधायरे फोन लांब धरून भूत यायची वाट बघत बसतील. मला आतून असा काही उमाळा आला की मी भर गाडीत तोंडाला पदर लावून ओक्साबोक्शी रडायला लागले. मला तो माणूस हवा होता. त्यांच्या सगळ्या वात्रटपणासकट हवा होता.

शेजारी एक बाई बसली होती. माहूरहून रेणुकेचं दर्शन घेऊन निघालेली, कपाळभर कुंकू, मांडीवर प्रसादाची पिशवी. तिनं माझा हात धरला. "कोण गेलं गं माय?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "दाजी."

"अगं माय! थोरल्या बहिणीचं कुंकू गेलं की गं!" असं म्हणून त्या बाईनं मला छातीशी धरलं आणि जो गळा काढला! "लेकरं किती हायत?" दोन, म्हणाले मी. "अगं दोन लेकरं टाकून कसा गेला रं माझ्या राजा!" तिनं दाजींना कधी बघितलेलं नाही, नाव ठाऊक नाही, पण तिच्या डोळ्यांतून खळाखळा पाणी वाहत होतं. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. कंडक्टरनं पाण्याची बाटली पुढं केली. मागच्या बाकावरचे लोक चुकचुकले. मी हुंदके देता देता तिच्या खांद्यावरून बघत होते आणि माझ्या ध्यानात आलं, अगं बाई, रडलं की कोणीतरी! खरं मानून रडलं!

पण उतारा पुरा व्हायला खरं सांगावं लागतं. चाकूर जवळ येत होतं आणि ती चाकूरला उतरणार होती. ही बाई आता माझ्या कानाखाली जाळ काढणार, सगळी गाडी मला खाली उतरवणार, अशी धास्ती वाटत होती. शेवटी तिच्या कानाशी लागून म्हणाले, "मावशी, ते जिवंत हायत. गेले न्हाईत."

तिनं मला दूर धरून बघितलं. डोळे अजून वाहतच होते. मग तिनं आवाज खाली केला. "कावळा शिवला व्हय?"

मी मान डोलावली.

"मग बरं झालं आधी बोलली न्हाईस ते. सांगितलं असतंस तर रडू आलं नसतं बग." पदरानं नाक पुसलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "भागलं का एवढ्यात, का आणखी रडू जराशी? चाकूर यायला वेळ हाय अजून." मी नको नको म्हणताना तिनं पिशवीतून विड्याचा कुटलेला तांबूल काढून माझ्या तळव्यावर ठेवला. "देवीचा हाय. त्याला दे. म्हणावं, लई जगशील." आणि उतरून गेली. ड्रायव्हरनं माझा मान राखून लातूरपर्यंत गाणं काही लावलं नाही, आणि मी खाली मान घालून मनात हसत आणि रडत बसले. आक्काला फोन करून एवढंच सांगितलं, "रडलं. थांबवून धर."

दवाखान्यात पोचले तर मोठे डॉक्टर दारात घड्याळ बघत होते आणि अव्वा खाटेची दांडी धरून तशाच उभ्या. "कोण रडलं?" मी सांगितलं, गाडीतली एक बाई. "तुमच्या वळखीची?" नाही. "आमच्या?" नाही. आक्का माझ्याकडं आणि मी अव्वांकडं बघतेय. सोयऱ्यांपैकी कोणी रडलंच नव्हतं; हे चालतं का नाही, कोणाला ठाऊक! अव्वांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मग म्हणाल्या, "नात्याची न्हाई, गोत्याची न्हाई, अन् तरी रडली? मग तर पक्कं झालं," आणि त्यांनी दांडी सोडली. तांबूल पेशंटला चालणार नाही असं सिस्टरनं ठणकावल्यावर तो लेकाच्या नावानं त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकला.

दाजी हिरव्या कपड्यात इवलेसे दिसत होते. मला बघून म्हणाले, "मेहुणीबाई, मेलो म्हणं मी?" मुरुडच्या मामांनी त्यांनाच फोन करून कळवलं होतं की तुझी फाईल खराब आहे, भूत निघत नाही. "सगळे हसले?"

"हसले, दाजी."

"म्हणजे काम चोख हाय आपलं," म्हणाले आणि हसले.  खाट हलायला लागली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "एक करा. आत काई झालं, तर तुमच्या आक्काला फोन करू देऊ नका. माणूस धाडा घरोघर. फोनवर कोण यायचं न्हाई." त्यांचा हात गार पडला होता. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि कसंबसं, लगेच हसतील असं काहीतरी मला बोलता यायला हवं होतं. पण त्याआधी तेच बोलले. "अशी कशी रडली ती? कोण होती?" एवढं विचारेपर्यंत खाट दारातून आत गेली.

दाजी त्यातून उठले. आता गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, छातीवरचा टाका खाजवतात, बिनमिठाच्या भाजीला नावं ठेवतात. लोकांना दचकवणं सोडलंय असं म्हणतात. पण मी लातूरला गेले की हळूच एकच विचारतात, "मेहुणीबाई, त्या बाईचं नाव तरी इचारायचं हुतं." चाकूरच्या बाजूनं गाडीनं जाताना ते खिडकीत बसून उतरणाऱ्या बायका बघत असतात, आक्का सांगते. "माझ्यासाठी एकच माणूस रडलं हो जगात," ते म्हणतात, हसून म्हणतात, पण म्हणतात.

 ती बाई का रडली, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तिच्याआधी त्या गाडीत कोण रडत होतं, हे तर नाहीच. दाजी-मेहुणीच्या नात्यात टोमण्याला जागा असते, रुसव्याला असते, असलं काही बोलायला नसते. म्हणून इथं लिहिलं. आक्का त्यांना हे वाचून दाखवील. ते शेवटपर्यंत ऐकतील आणि मग विचारतील, भूत कधी येणार.